मोठं डीडब्ल्यूजी ड्रॉइंग किकॅडमध्ये: ओडीए कन्व्हर्टर आणि किकॅडचा इम्पोर्ट

सर्किट बोर्ड ज्यात बसतो त्या एन्क्लोजरचं (पेटीचं) ड्रॉइंग मेकॅनिकलवाल्यांकडून येतं ते बहुतेकदा डीडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइल प्रकारात. बोर्ड आखायच्या किकॅड या सॉफ्टवेअरचा ग्राफिक्स इम्पोर्ट मात्र डीएक्सएफ किंवा एसव्हीजी प्रकारच्या फाइलच घेतो. मध्ये लागणारा पूल म्हणजे ओडीए फाइल कन्व्हर्टर. फुकट आहे, भरवशाचा आहे, पण तो फक्त फाइलचा प्रकार बदलतो. आतला कचरा जसाच्या तसा पुढे जातो, आणि नंतरचा बहुतेक त्रास त्यातूनच होतो.

कन्व्हर्टर एकट्या फाइलवर चालत नाही, फोल्डरवर चालतो. इनपुटसाठी वेगळा फोल्डर करा, त्यात हवी तेवढीच फाइल ठेवा, ऑडिटची (फाइलमधल्या चुका तपासायची) खूण चालू ठेवा आणि आउटपुटला २००० आस्की डीएक्सएफ निवडा. आर१२ हा जुना डीएक्सएफ प्रकार नको. त्यात स्प्लाइन (सलग वक्ररेषा) हा प्रकारच नाही, त्यामुळे गोलाईचे शेकडो तुकडे होतात. असे तुकडे बोर्डावर आले की डीआरसी (बोर्डाची नियम-तपासणी) रेंगाळते आणि कडा हलवणं जिवावर येतं.

फाइल जड असेल तर आधी ती हलकी करा. आस्की डीएक्सएफमध्ये प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीवर लिहिलेला असतो, म्हणून ती भराभर फुगते. टायटल ब्लॉक, डायमेन्शन, हॅच, सेक्शन व्ह्यू यांचं बोर्डावर काही काम नाही. ऑटोकॅड असेल तर बोर्डाची बाह्यरेषा आणि भोकं तेवढी डब्ल्यूब्लॉक कमांडने वेगळ्या फाइलमध्ये काढा, मग ओव्हरकिल (दुहेरी रेषा काढणारी) आणि पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणारी) या कमांड चालवा. ओव्हरकिल टाळू नका. एकावर एक बसलेल्या दोन रेषा डोळ्यांना दिसत नाहीत, पण बाह्यरेषा बिघडवतात. जाता जाता बोर्डाचा एक कोपरा शून्य-शून्यवर आणा. किकॅड मोजमाप नॅनोमीटरमध्ये, ३२ बिटच्या पूर्णांकात ठेवतं, त्यामुळे मूळ बिंदूपासून साधारण २.१४ मीटरपलीकडचं काही त्यात मावत नाही. अख्ख्या इमारतीच्या नकाशातून उचललेला भाग हमखास इथे अडकतो.

एककाची चूक ओळखायला सोपी आहे: बोर्ड २५.४ पट मोठा किंवा लहान येतो. डीएक्सएफ साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एकक सांगणारा इन्सयुनिट्स ($INSUNITS) हा शब्द शोधा. त्याच्या खालच्या ओळीत ७० आणि त्याखाली खरा आकडा दिसेल. ४ म्हणजे मिलिमीटर, १ म्हणजे इंच, ० म्हणजे एकक दिलेलंच नाही. शून्य असेल तर किकॅडच्या इम्पोर्ट खिडकीत जे एकक निवडाल तेच धरलं जातं. आणल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एमने एक माहितीची बाजू मोजा, मगच पुढे जा.

एजकट्सवर, म्हणजे किकॅडमध्ये बोर्डाची कड ठरवणाऱ्या लेयरवर, बाह्यरेषा बंद नसली की डीआरसी ती सदोष ठरवते आणि थ्रीडी व्ह्यूमध्ये खऱ्या आकाराऐवजी नुसता चौकोन दिसतो. कोपऱ्यातली फट कितीही झूम केली तरी सहज सापडत नाही. ऑटोकॅडमधल्या पीएडिट कमांडच्या जॉइनला ०.०१ मिमी फझ (किती फट चालेल ते अंतर) देऊन ती मुळातच जोडून घ्या. जुळलं नाही, तर रेषांचा झेड तपासा: एक रेषा शून्यावर आणि दुसरी वर असेल, तर वरून टोकं भिडलेली दिसतात, पण जोडली जात नाहीत. त्यावर सगळं एका पातळीवर आणणारी फ्लॅटन कमांड चालवा. किकॅड ८पासून इम्पोर्टमध्येच फटी बुजवायची सोय आहे, ती खरोखर कामाची. टॉलरन्स मात्र ०.०५ मिमीच्या आसपास ठेवा. सैल सोडला तर मुद्दाम वेगळी ठेवलेली टोकंही जुळू शकतात.

या इम्पोर्टबद्दल मोठी तक्रार एकच: डीएक्सएफमधले सगळे लेयर किकॅडच्या एकाच निवडलेल्या लेयरवर येतात. म्हणून बाह्यरेषा, भोकं आणि कीपआउट (जिथे काही ठेवायचं नाही ते भाग) यांच्या तीन वेगळ्या फाइल करा, तिघींचा मूळ बिंदू एकच ठेवा आणि इम्पोर्ट करताना माउसने न ठेवता तिन्ही वेळा तेच एक्स-वाय टाका. त्या बरोब्बर एकावर एक बसतात. बाह्यरेषा एजकट्सवर, बाकी दोन युजर लेयरवर. कीपआउटच्या बंद आकारावरून थेट रूल एरिया (ठरावीक नियम लागू होणारा भाग) करता येतो. भोकांची वर्तुळं फक्त खुणेसाठी वापरा. एम३ स्क्रू असेल तर त्या केंद्रावर लायब्ररीतलं ३.२ मिमीचं माउंटिंग होल बसवा, म्हणजे ते ड्रिल फाइलमध्ये जातं. एजकट्सवरचं वर्तुळ ड्रिल फाइलमध्ये येत नाही, ते बोर्डातला कटआउट धरलं जातं.