बोलताना उपचार, पावतीवर वर्कशॉप

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅच बघतो. सोमवारची प्रॉडक्शन मीटिंग म्हटली की रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधड सुरू. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या, फरक पडत होता, पण सावकाश. तेवढ्यात मोबाइलवर राजारामपुरीतल्या एका संमोहन केंद्राची जाहिरात दिसली: ऑफिसची भीती मुळापासून घालवा, खात्रीशीर.

पहिली भेट फुकट. भिंतभर प्रमाणपत्रं. समोरचे गृहस्थ बोलायला गोड, "गोळ्या कशाला सर? त्या नुसतं दाबून ठेवतात." पॅकेज 35,000 रुपयांचं, निम्मे लगेच, निम्मे हप्त्यानं.

सेशनमध्ये बरं वाटायचं, नाही असं नाही. एसीत डोळे मिटून संथ श्वास घेत पडलं की कुणालाही वाटेल. पण त्याच वेळी ते पगार, घरचं कर्ज, साहेबांशी झालेली बाचाबाची, सगळं खोदून खोदून विचारायचे आणि पुढच्या वेळी तेच धरून नवं काहीतरी विकायला काढायचे. शेवटी गाडी मागच्या जन्मावर गेली. भीतीचं मूळ म्हणे तिकडं, आणि त्याचा कोर्स वेगळा, 21,000 रुपये.

घरी ऐकायला 'खास तुमच्यासाठी' एक ऑडिओ दिला होता. रोज मध्येच झोप लागायची. एका रात्री जागा राहिलो, तर पुढं आवाज आला, "तुम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये शांत बसला आहात, प्रश्नपत्रिका हातात आली आहे..." बारावीच्या पोरांचा ऑडिओ! माझी पोरगी आता बारावीला आहे राव.

पैसे परत मागितले तर त्यांनी पावतीवर बोट ठेवलं. 'व्यक्तिमत्त्व विकास वर्कशॉप. शुल्क परत मिळणार नाही.' उपचाराचा उल्लेख औषधालाही नाही.

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे सांगितलं. संमोहन थोतांड नाही, म्हणाले. प्रशिक्षित माणूस इतर उपचारांच्या जोडीला ते वापरतो. त्यात माणूस बेशुद्ध होत नाही, नको ते नाकारू शकतो. पण तेव्हा 'आठवलेलं' खरंच घडलेलं असतं असं नाही. चिंतेवर मुख्य भर सीबीटी म्हणजे विचार-वर्तन पद्धतीच्या समुपदेशनावर आणि गरज असेल तर गोळ्यांवर. त्या आपल्या मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, झोप उडणं, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक सरळ विचारा. ज्याच्याकडे असतो तो चिडत नाही. नुसतं बोलायचं असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. आणि पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिणार ते वाचून घ्या.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि तो ऑडिओ जपून ठेवलाय. परवा केंद्रातून फोन आला, "सर, तक्रार मागं घ्या, मागच्या जन्माचा कोर्स निम्म्यात करून देतो."