मोहल्ल्यातले लसीकरण सत्र: सुई चोख, उत्तर कच्चे

जुन्या संभाजीनगरातल्या एका मदरशाच्या खोलीत महिन्यातून एकदा बाळांचे मोफत लसीकरण सत्र भरते. सुईच्या कामात खोट काढायला फारशी जागा नाही. व्हॅक्सिन कॅरिअर म्हणजे लसी आणायच्या थंड पेटीतले चारही आइसपॅक हलवले की आत पाणी खळखळते, म्हणजे बर्फ थोडा सुटू दिलेला आहे. फ्रीजरमधून काढलेले पॅक तसेच कोंबले तर पेंटाव्हॅलंट (पेंटा, पाच रोगांवरची एकत्र लस) गोठते आणि फेकावी लागते. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेला लसीची, बाटली फोडताच सिस्टर तिच्यावर वेळ लिहितात, कारण पातळ केल्यावर ती चार तासच चालते. उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिलि. मग अर्धा तास बसवून ठेवतात. पेंटानंतर ताप येईल हे आधीच सांगतात, हे फार बरे. न सांगता आलेला ताप म्हणजे पुढच्या महिन्यात गैरहजर बाळ.

घोडे अडते ते एका प्रश्नापाशी. नऊ महिन्यांच्या नातीला मांडीवर घेतलेली आजी विचारते, "सिस्टर, इसमें सुअर का कुछ है क्या?" उत्तर येते, "काही नसतं हो त्यात."

एमआरपुरते हे उत्तर चूक आहे. पुण्याच्या सिरम कंपनीच्या एमआरमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून काढलेला पदार्थ, असते. सुकवलेली लस टिकावी म्हणून ते घालतात. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने याच लसीत डुकरापासूनचा घटक वापरल्याचे सांगून तिला हराम म्हटले, आणि त्याच फतव्यात ती टोचायला मुभाही दिली: जरूरत आहे, हलाल पर्याय हाताशी नाही, लस न दिल्याचा धोका जाणकारांनी सांगितला आहे. मोबाइलवर फिरतो तो पहिला अर्धाच. आजीने तो पाहिलेला असेल तर सिस्टरवरचा भरवसा तिथेच संपतो, मग पोलिओच्या थेंबांवरचाही.

खरे उत्तर दोन मिनिटांत देता येते. पेंटात जिलेटिन नाही, हे बेलाशक सांगावे. एमआरमध्ये आहे, हेही सांगावे आणि कुराणातल्या सूरह बकराची १७३ वी आयत पुढे ठेवावी: नाइलाजाने, हद्द न ओलांडता घेतले तर गुनाह नाही. दुसरा आधार इस्तिहालाचा, म्हणजे वस्तूचे रूपच पालटले की मनाई उरत नाही, याचा. मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेल्या गाढवाचे हनफी (सुन्नींच्या एका फिकह-परंपरेतले, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरेतले) उदाहरण मदरशात शिकलेल्या कुणालाही ठाऊक असते. कुवेतमधल्या १९९५ च्या इस्लामी वैद्यकीय परिषदेने जिलेटिनला हाच नियम लावला. पण जिलेटिन खरेच इतके पालटते का, यावर आलिमांत, म्हणजे धर्मपंडितांत, एकमत नाही. म्हणून भर जरूरतीवर द्यावा, आणि हे सिस्टरने नव्हे, शेजारच्या खोलीतल्या मौलानासाहेबांनी बोलावे. ते तिथेच असतात. त्यांना कुणी बोलावत नाही, एवढेच.

बाकी तक्रारी किरकोळ, पण टाळता येण्याजोग्या. सत्र शुक्रवारी, आणि जुम्म्याच्या वेळी खोलीबाहेर चपलांचा ढीग. बाया आत येईनात. भिंतीवरचे फलक सगळे मराठीत, वाचणाऱ्या उर्दूवाल्या. रमजानात गरोदर बाईने टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) घ्यायची असेल तर दंडातल्या सुईने रोजा तुटत नाही असे बहुतेक मुफ्ती सांगतात, पण फलकावर तेवढी एक ओळ नाही.

जायचे तर अकराच्या आत जा, कार्ड घेऊन. एमआरला एकच बाळ असेल तर बाटली फोडायला कुचरतात. एका बाळासाठीही ती फोडायची असते, तसे ठामपणे सांगा.