उभ्या गाडीची बॅटरी राखणारा चार्जर

कोल्हापूरच्या पावसाळ्यात आमची गाडी अनेक आठवडे दारात उभी असते, आणि घड्याळ, अलार्म यांसारख्या गोष्टी थोडी थोडी वीज ओढत राहिल्याने बॅटरी उतरते. ती तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसून तिची क्षमता कायमची घटते. उद्यमनगरातून घेतलेला हा स्वयंचलित चार्जर १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन पूर्ण भरतो आणि मग १३.५ व्होल्टच्या आसपास उतरून तिला केवळ राखतो, त्यामुळे तो जोडून ठेवण्याची धास्ती वाटत नाही. वायर आखूड आहे, हे खटकते. वीज जाऊन आल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होतो, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पावसात आमच्याकडे वीज वारंवार जाते.