कार्बन डायऑक्साइड की आयसोफ्लुरेन?

प्रयोग संपल्यावर उंदरांचा शेवट कसा करणार, हे एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहावं लागतं. त्या रकान्यात बरेच जण सवयीनं कार्बन डायऑक्साइड लिहितात. मीही काही वर्षं तेच लिहिलं.

त्यात वावगं काही नाही. स्वस्त पडतो, अख्खा पिंजरा हात न लावता होतो, ऊतींत औषधाचा अंश राहत नाही. मात्र गॅस दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के, या बेतानंच सोडायचा. आधीच भरलेल्या पेटीत जनावर सोडणं वर्ज्य. तीव्र गॅसचं ओलसर नाकाडोळ्यांत आम्ल होतं आणि ते शुद्धीत असतानाच झोंबतं.

मला वैताग आणला तो गॅसचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरनं. 10 लिटरची पेटी म्हणजे मिनिटाला 3 ते 7 लिटर, हिशोब सोपा. पण लागोपाठ चार पिंजरे झाले की आमचा सिलिंडरवरचा रेग्युलेटर गारठायचा, त्यावर हिम धरायचं आणि प्रवाह गुपचूप पडायचा. म्हणून नजर सतत मीटरवर. एकदा तिथून मान वळवली, तर एव्हाना आडवा व्हायला हवा होता तो उंदीर मागच्या पायांवर उभा राहून झाकण हुंगत होता. किती वेळ, ते मी पाहिलंच नव्हतं.

आयसोफ्लुरेन म्हणजे हुंगवून द्यायची भूल. त्याला व्हेपोरायझर (वाफ करून सोडणारं यंत्र) 5 टक्क्यांवर ठेवला की नजर मोकळी. श्वास बघा, पाय चिमटून बघा. नुसत्या त्यानं जीव जायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण बेशुद्धीनंतर मी तोच कार्बन डायऑक्साइड सोडतो. आता प्रवाह थोडा इकडेतिकडे झाला तरी उंदराला कळत नाही. मृत्यूची खात्री मात्र दोन्हीकडे वेगळी करायचीच.

आयसोफ्लुरेनही त्यांना आवडतो असं नाही. आधी एकदा त्याची भूल घेतलेले रॅट (मोठ्या जातीचे उंदीर) तर तो जास्तच टाळतात. वाफ बाहेर काढायची सोय नसेल तर डोकं तुमचं दुखेल. रक्तातली साखर मोजणार असाल तर ती यानं चढते. पण रक्ताचा सामू मोजणाऱ्याला कार्बन डायऑक्साइडही नडतोच. नवजात पिल्लं ऑक्सिजनविना बराच वेळ तग धरतात, त्यांना केवळ गॅसच्या भरवशावर सोडू नये.

पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन उत्तम, पण परवाने, कुलूप आणि नोंदवह्या सांभाळायची तयारी हवी.

तुमचा रेग्युलेटर कदाचित आमच्यापेक्षा बरा असेल. ठरवण्याआधी रिकाम्या पेटीत लागोपाठ चार फेऱ्या करून मीटर तेवढा बघा.