‘स्मग’ शब्दाने केलेला घात आणि कोबिल्ड डिक्शनरी

आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्डावर इंग्रजीत चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. सर शांत स्वभावाचे, कशाच्या मागे न धावणारे. मला त्यांना ‘समाधानी’ म्हणायचं होतं. ‘कंटेंट’ हा शब्द सुचला होता, पण तो फार साधा वाटला. फोनवरच्या एका अ‍ॅपमधून मी तेव्हा रोज दहा शब्द पाठ करत होते. त्यातला एक नेमका आठवला. स्मग, अर्थ आत्मसंतुष्ट. मी सुंदर अक्षरात लिहून टाकलं, ‘अ काम अँड स्मग मॅन’.

सरांनी कार्ड वाचलं, घडी घातली आणि पाकिटात ठेवलं. नंतर शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘अगं, स्मग म्हणजे काय ते माहीत आहे का तुला?’’ त्यांनी अर्थ सांगितला आणि मला धस्स झालं. संध्याकाळी सरांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पण घरी सगळी कार्डं दाखवली, तेव्हा तुमचं तेवढं बाहेर काढलं नाही.’’

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यानंतर मी जी डिक्शनरी वापरायला लागले, तिच्याबद्दल लिहायचं आहे. कॉलिन्स कोबिल्ड.

आधी त्या अ‍ॅपबद्दल. त्याने दिलेला अर्थ चूक होता असं मी म्हणणार नाही, कारण इंग्रजी-मराठी यादीत स्मगसमोर आत्मसंतुष्टच सापडतो. पण मराठीत या शब्दाला दोन तोंडं आहेत. अग्रलेखात ‘आत्मसंतुष्ट नेतृत्व’ असं आलं की ती टीका असते. तेच गीतेतला स्थितप्रज्ञ आपल्या ठायीच संतुष्ट असतो, आणि ती स्तुती असते. इंग्रजी स्मगला हे दुसरं तोंड नाही. तो शब्द ज्याला लागला त्याला नावंच ठेवली गेली. अ‍ॅपमध्ये शब्द होता, अर्थ होता, उच्चार ऐकायचं बटण होतं. हा शब्द माणसाला लागतो एवढं मात्र कुठेच नव्हतं.

कोबिल्डमध्ये नेमकं तेच आहे. तिथे अर्थ एका शब्दात देत नाहीत, अख्खं वाक्य लिहितात. स्मगच्या नोंदीचा आशय मराठीत असा सांगता येईल : आपण किती चांगले, हुशार किंवा नशीबवान आहोत या खुशीत एखादा दिसतो आणि तुम्ही त्याबद्दल त्याला नावं ठेवता, तेव्हा तुम्ही त्याला स्मग म्हणता. त्यापुढे एक खूण असते, डिसअप्रूव्हल. म्हणजे नापसंती. ही एक खूण मला आधी दिसली असती तर ते कार्ड सरांच्या घरी सगळ्यांनी पाहिलं असतं.

व्याख्येतला ‘तुम्ही’ मला फार मोलाचा वाटतो. बाकीच्या डिक्शनऱ्या वाचताना विशेषण त्या माणसालाच चिकटलेलं आहे असं वाटतं, म्हणजे तो उंच तसा तो स्मग. कोबिल्ड बोलणाऱ्यालाही वाक्यात आणते. नापसंतीचं विशेषण जितकं समोरच्याबद्दल सांगतं तितकंच बोलणाऱ्याबद्दलही सांगतं. एकच माणूस मला ठाम वाटेल आणि तुम्हाला हट्टी. काटकसरी की चिकट, चतुर की लबाड, हे ठरवणारा बोलणाराच असतो. मराठीत हे आपण न शिकताच करतो. इंग्रजीत कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

कोबिल्ड हे नावही आद्याक्षरांचं आहे : कॉलिन्स बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटी इंटरनॅशनल लँग्वेज डेटाबेस. 1980 साली काम सुरू झालं, पहिली आवृत्ती 1987 मध्ये निघाली, मुख्य संपादक जॉन सिंक्लेअर. लोक खरोखर जे बोलतात आणि छापतात ते लाखो शब्द संगणकात भरायचे, एकेक शब्द कुठे कुठे आला ते बघायचं आणि त्यावरून अर्थ लिहायचा, अशी त्यांची रीत. उदाहरणं त्याच साठ्यातून घ्यायची, टेबलाशी बसून रचायची नाहीत, हाही आग्रह.

सिंक्लेअर यांचं एक निरीक्षण मला कायमचं लक्षात राहिलं आहे. इंग्रजीत ‘सेट इन’ हे क्रियापद बहुतेक वाईट गोष्टींनाच लागतं, कुजणं, ऱ्हास, निराशा अशांना. कुणी तसा नियम केलेला नाही, तरी भाषा ते पाळते. वाचल्या वाचल्या मला ‘बोकाळणे’ आठवलं. भ्रष्टाचार बोकाळतो, अंधश्रद्धा बोकाळते. ‘गावात शिक्षण बोकाळलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला शिक्षण नकोय हे लगेच कळतं. विशेषणांचंही तसंच. खोटं धडधडीत असतं, चूक ढळढळीत असते, चोर अट्टल असतो, गुंड नामचीन. अट्टल चूक नाही चालत. प्रत्येक शब्दाची सोबत ठरलेली असते आणि मातृभाषेत ती कानात मुरलेली असते.

स्मगची सोबत मी कोबिल्डची उदाहरणं आणि माझं रोजचं वाचन यांतून जमवली. तो सगळ्यात सहज हसण्याला लागतो, ‘अ स्मग स्माइल’. ‘मी सांगितलं होतं ना?’ असं तोंडाने न म्हणता म्हणणारं ते हसू. चेहऱ्याला लागतो, आवाजाला लागतो. एखाद्या गोष्टीवरून कुणी तोऱ्यात असेल तर पुढे ‘अबाउट’ येतो : ‘ही वॉज स्मग अबाउट हिज मार्क्स’. पैज जिंकलेल्या मित्राला ‘डोन्ट लुक सो स्मग’ म्हणता येतं, तिथे राग कमी आणि लटकेपणा जास्त. आणि स्वतःबद्दल बोलताना तो बहुधा नकारातच येतो. ‘आय डोन्ट वॉन्ट टू साउंड स्मग, बट...’ म्हणजे मिरवतेय असं समजू नका, पण. हे शेवटचं मला अर्थ पाठ करून कधीच कळलं नसतं.

वहीत मी रोज स्मगचं एक वाक्य लिहायचे, त्या दिवशी खरंच पाहिलेल्या माणसाबद्दल. पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात आलं की त्याला मराठीत एक ठरावीक शब्द शोधायचं मी सोडून दिलंय. कधी ‘स्वतःवरच बेहद्द खूश’, कधी ‘तोऱ्यात’, कधी नुसतं ‘शहाणा’. वाक्य बघून ठरायला लागलं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. नुकतं इंग्रजी शिकायला लागलेल्याला ही डिक्शनरी देऊ नये. व्याख्याच दोन-तीन ओळींची आणि तीही इंग्रजीत, त्यामुळे दमछाक होते. खऱ्या मजकुरातून उचललेली उदाहरणं कधी कधी अधांतरी वाटतात. कोण कुणाला म्हणतंय ते कळत नाही, आणि अशा वेळी शिक्षकाने रचलेलं एखादं सरळ वाक्य बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शब्दाचा इतिहासही इथे सापडत नाही. सोळाव्या शतकात स्मगचा अर्थ नीटनेटका, टापटीप असा होता. टापटिपीतून स्वतःवर खूश होण्यापर्यंत तो कसा घसरला हे वाचायला मला दुसरीकडे जावं लागलं. छापील प्रत जाडजूड आहे. या नोंदी कॉलिन्सच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात, तरी मी कागदावरचीच उघडते, कारण एका शब्दासाठी गेलं की आजूबाजूचे चार वाचले जातात.

ज्यांना इंग्रजी वाचता येतं पण पत्र, अहवाल, शिफारस लिहिताना हात अडखळतो, त्यांनी ही नक्की घ्यावी. जुनी आवृत्ती मिळाली तर नापसंतीची खूण अशा स्पष्ट शब्दांत असेलच असं नाही, म्हणून जरा अलीकडची बघून घ्या. माणसाबद्दलचं विशेषण लिहायच्या आधी ती खूण बघायचीच, हा माझा आता नेम आहे.

आणि अशी एक डिक्शनरी मराठीची हवी, अगदी मनापासून हवी. आपल्या घरात मराठी शिकून आलेल्या सुना-जावयांना, कामासाठी ती शिकणाऱ्यांना बोकाळणे, नामचीन, सोकावणे यांच्यापुढे ‘नापसंती’ असं कुणीतरी छापून द्यायला हवं. मी वहीची मागची पानं त्यासाठी ठेवली आहेत. परवापर्यंत एकेचाळीस शब्द झाले.