स्किप्टन की नेअर्सबरो?

लीड्सला शिकणाऱ्या भाचीकडे आई-बाबा येताहेत. फिरायला एकच दिवस, म्हणून तिचा प्रश्न: स्किप्टन की नेअर्सबरो? इंग्लंडच्या यॉर्कशर भागातली ही दोन छोटी गावं. दोन्हीकडे लीड्सहून थेट रेल्वे, पाऊण तासाच्या आसपास. तिथे डावं-उजवं नाही.

किल्ल्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. स्किप्टनचा किल्ला इंग्लंडच्या यादवी युद्धात (राजा विरुद्ध संसद) तीन वर्षं वेढा सोसून डिसेंबर १६४५ मध्ये शरण गेला, तरी आज छपरासकट उभा आहे. आतल्या चौकात किल्ल्याच्या मालकीण लेडी ॲन क्लिफर्ड यांनी १६५९ मध्ये लावलेलं यूचं (एक सदाहरित वृक्ष) झाडही आहे. नेअर्सबरोचा किल्ला संसदेने १६४८ मध्ये पाडायला लावला. उरलेत ते भग्नावशेष. पण तिथून खाली दिसणारी निड नदी आणि १८५१चा रेल्वेपूल! तो देखावा फुकट.

बाजार स्किप्टनला आठवड्यातून चार दिवस: सोम, बुध, शुक्र, शनि. नेअर्सबरोला बुधवारी. नेअर्सबरोतल्या मदर शिप्टन या दंतकथेतल्या भविष्यवेत्तीच्या गुहेची 'सर्वांत जुनं पर्यटनस्थळ' ही जाहिरात सोडा. टांगलेल्या टेडी बेअरचा दगड करणारं तिथलं पाणी मात्र खरंच बघण्यासारखं. तिकीट पडतं.

बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर स्किप्टन, कालव्याकाठची वाट सपाट आहे. नेअर्सबरोत नदीकडे पायऱ्या उतरायच्या, आणि मग चढायच्याही. आईला फोटोंचं वेड असेल तर बुधवार गाठून नेअर्सबरो.