एनसेडची पाठांतर-कार्डं: कुलूप पक्कं, शेपटी फसवी

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत एनसेडच्या (स्टिरॉइड नसलेल्या, दुखणं-सूज उतरवणाऱ्या औषधांच्या) २४ कार्डांचा हा गठ्ठा रबर बँड लावून ६० रुपयांना मिळतो. कागद पातळ, मागची शाई पुढे दिसते. पण मराठीत आहे, आणि खुणा सोलापूरच्याच.

गठ्ठ्यातलं सर्वांत भारी कार्ड ॲस्पिरिनचं: 'कुलूप लावलं, किल्ली सिद्धेश्वर तळ्यात.' एनसेड ज्याला अडवतात ते कॉक्स एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं बंद करतं. प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या पेशीला) केंद्रक नाही, नवं एन्झाइम बनवता येत नाही. म्हणून परिणाम ती पेशी मरेपर्यंत, ७ ते १० दिवस. बाकीच्या गोळ्या नुसती कडी लावतात, थोड्या वेळाने ती निघते. याच चित्रातून व्हायवातला (तोंडी परीक्षेतला) अवघड प्रश्नही सुटतो: आयबुप्रोफेनने आधीच कडी घातली असेल तर कुलूप बसायला जागाच उरत नाही. म्हणून हृदयासाठीचं साधं (आवरण नसलेलं) ॲस्पिरिन आधी, आयबुप्रोफेन निदान अर्ध्या तासाने.

चादरीचं कार्डही छान. कॉक्सचे दोन प्रकार, १ आणि २; त्यातलं कॉक्स-१ म्हणजे जठरावरची सोलापुरी चादर. गोळीने ती ओढली की म्यूकस आणि बायकार्बोनेट घटतं, अस्तर उघडं पडतं. मात्र खाली 'जेवणानंतर घेतल्यास अल्सर नाही' असं छापलंय, ते खोडा. चादर रक्तातूनही ओढली जाते, त्यामुळे इंजेक्शननेही अल्सर होऊ शकतो. जेवणाने फार तर जळजळ कमी होईल. जोखमीच्या रुग्णाला पीपीआयच (जठरातलं आम्ल कमी करणारं औषध) लागतं.

दुष्परिणामांसाठी 'पोटात मूठभर दगड रोज': पोट, मूत्रपिंड, दमा, रक्तस्राव. तोंडात बसतं, पण हृदय राहिलं. रोफेकॉक्सिब हे एनसेड २००४ मध्ये बाजारातून गेलं ते हृदयविकाराच्या झटक्यांपायीच. शेवटी 'हाय!' जोडून घ्या.

शेपट्यांचं, म्हणजे औषधांच्या नावांच्या शेवटाचं, कार्ड मात्र मार्क घालवेल. 'कॉक्सिब' म्हणजे कॉक्स-२ निवडक (मुख्यतः त्यालाच अडवणारं), इथवर ठीक. पुढे केटोरोलॅक आणि डायक्लोफेनॅक एका ओळीत बसवून 'स्वभाव एकच' म्हटलंय. केटोरोलॅकचा रोख कॉक्स-१ वर, डायक्लोफेनॅक कॉक्स-२ कडे झुकलेलं. शेपटीवरून रसायन कळतं, निवड कळत नाही. शिवाय केटोरोलॅक ५ दिवसांपलीकडे द्यायचं नाही, हे कुठेच नाही, पेनाने लिहा.

पॅरासिटामॉलचं कार्ड याच गठ्ठ्यात घुसडलंय. ताप-दुखणं उतरवतं, सूज नाही. ते रबर बँडच्या बाहेर ठेवलेलं बरं.